जिलेबीचा रंग कापसावर का टिकत नाही?

घरात कपडा रंगवायची वेळ येते ती बहुधा घाईची असते. उद्या शाळेचं स्नेहसंमेलन, मुलाला वासुदेव नाहीतर मावळा व्हायचंय, आणि हाताशी असतो बाबांचा जुना पांढरा पंचा किंवा आजीच्या सुती लुगड्याचा तुकडा. कपडे रंगवायचा रंग गावात मिळेलच असं नाही. जिलेबीचा केशरी रंग मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हमखास असतो. पुडी फोडून गरम पाण्यात टाकली की पातेलंभर असा भडक रंग होतो की काम फत्ते झालं असंच वाटतं. कपडा बुडवला, पिळला, वाळत घातला. छान केशरी दिसतो. कार्यक्रम पार पडतो. मग तो कपडा धुवायला पडतो आणि पहिल्याच पाण्यात सगळा केशरी रंग मोरीतून वाहून जातो. मागे उरते ती पिवळट झाक, तीही पुढच्या धुण्याला दिसेनाशी होते.

दोष रंगावर येतो. भेसळीचा असेल, शिळा असेल, मीठ टाकायचं राहिलं असेल. खरं तर रंग चांगलाच असतो. त्याच पातेल्यात पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून थोडं व्हिनेगर घातलं असतं, तर रंग त्या धाग्याला असा धरून बसला असता की साध्या पाण्यात कितीही खळबळला तरी सुटला नसता. फरक रंगात नाही, धाग्यात आहे. परभणी जिल्ह्यात ही गोष्ट समजून घेणं जास्तच अगत्याचं, कारण हा मुलूखच कापसाचा.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या जमिनीत इथे पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो. निजामाच्या राज्यात परभणी-नांदेड पट्ट्यातला गावरानी कापूस नावाजलेला होता. परभणीच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्रात देशी कापसावर दीर्घकाळ काम होत आलं आहे. ‘परभणी तुराब’ हे देशी वाण तिथलंच. सेलू आणि मानवतच्या बाजारांत हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. साहजिकच घरात जुनं, पांढरं, रंगवून बघावंसं वाटणारं जे काही सापडतं ते बहुतेक सुती असतं. आणि खायच्या रंगाचं नेमकं सुताशीच जमत नाही.

याचं कारण पुडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, फक्त ते आकड्यांच्या भाषेत असतं. भारतात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंग वापरायला परवानगी आहे आणि प्रत्येकाला आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. टार्ट्राझिन हा पिवळा १०२, सनसेट यलो हा नारिंगी ११०, कार्मोइसिन आणि पोन्सो ४ आर हे लाल अनुक्रमे १२२ आणि १२४, गुलाबीकडे झुकणारा एरिथ्रोसिन १२७, इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू हे निळे १३२ आणि १३३, आणि फास्ट ग्रीन १४३. जिलेबीच्या केशरी पुडीवर बहुधा ११० सापडतो, कधी त्याच्या जोडीला १०२. हिरव्या पुडीत तर अनेकदा हिरवा रंग नसतोच. पिवळा १०२ आणि निळा १३३ यांचं मिश्रण असतं. पुडीतली सगळी पूड म्हणजे रंग असंही नाही. वजन आणि माप सोपं व्हावं म्हणून त्यात मिठासारखा बिनरंगी पदार्थ मिसळलेला असतो.

हे सगळे रंग पाण्यात विरघळले की त्यांच्या रेणूंवर ऋण विद्युतभार येतो. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे धागे, म्हणजे मुळात प्रथिनं. पाणी व्हिनेगरने किंवा लिंबाने आंबट केलं की या प्रथिनांवर जागोजागी धनभार तयार होतो आणि ऋणभाराचा रंग तिथे ओढला जाऊन घट्ट बसतो. कापूस वनस्पतीचा, तो सेल्युलोजचा बनलेला. त्यावर अशा धनभाराच्या जागाच नाहीत, उलट पाण्यात त्याच्यावर किंचित ऋणभारच असतो. त्यामुळे रंग धाग्याच्या पोकळ्यांत पाण्याबरोबर नुसता शिरतो आणि पाण्याबरोबर बाहेर येतो. ‘मीठ टाका, रंग पक्का होतो’ हा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो सुती कपड्यांसाठी बनवलेल्या खास रंगांना लागू पडतो, कारण त्या रंगांना कापसाची ओढ मुळातच असते आणि मीठ तिला हातभार लावतं. खायच्या रंगाला ती ओढच नाही. मिठाने ती उत्पन्न होत नाही, व्हिनेगरनेही नाही.

इतिहास पाहिला तर यात नवल वाटत नाही. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी कृत्रिम क्विनीन करायला निघाला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून पुढच्या काही दशकांत शेकडो रंग तयार झाले ते मिठाईसाठी नव्हेत, गिरण्यांसाठी. टार्ट्राझिन १८८४चा, योहान हाइनरिख त्सीग्लर या स्विस रसायनतज्ज्ञाने तो शोधला आणि लोकरीला सुंदर पिवळा देणारा रंग म्हणून तो बाजारात आला. योगायोग असा की त्याच वर्षी काँगो रेड हा रंग निघाला. तुरटीसारख्या रंगबंधकाशिवाय थेट सुतावर बसणारा तो पहिला कृत्रिम रंग. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन रंगांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एक लोकरीकडून ताटात आला, दुसऱ्याने सुताच्या रंगांची नवी शाखा उघडली.

ताटात येताना सुरुवातीला काही धरबंध नव्हता. लोणी, गोळ्या, सरबतं, मुरंबे, जिथे जो रंग खुलेल तो टाकला जाई. अमेरिकेत १९०६ साली अन्नाच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी बाजारातल्या अनेक रंगांतून अवघ्या सातांना परवानगी मिळाली. भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. आज त्याची जागा २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने घेतली आहे. बहुतेक पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक किलो मिठाईत एक ग्रॅमचा दहावा हिस्सा. घरी जिलेबी करताना चिमटीने रंग टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पातेल्यातला भडकपणा डोळ्यांना आवडतो म्हणून चिमटी मोठी होत जाते.

या रंगांचं लोकरीशी असलेलं नातं अन्नाच्या प्रयोगशाळेत आजही कामाला येतं. मिठाईच्या किंवा सरबताच्या नमुन्यात कृत्रिम रंग आहे का, हे शोधण्याची एक जुनी आणि विश्वासाची रीत म्हणजे पांढरा लोकरी धागा. नमुन्यातला रंग पाण्यात उतरवायचा, ते पाणी आम्ल करायचं, त्यात स्वच्छ केलेला लोकरीचा धागा टाकून उकळायचा. धाग्याने रंग धरला की तो धुऊन सौम्य अमोनियाच्या पाण्यात टाकायचा. रंग धाग्यातून पुन्हा पाण्यात उतरतो. ते पाणी परत आम्ल करून दुसरा कोरा धागा घालायचा. दुसऱ्याही धाग्याने रंग पकडला तर तो कृत्रिम आम्लरंग असल्याचं समजतं. फळाफुलांतले नैसर्गिक रंग सहसा या दुसऱ्या फेरीपर्यंत टिकत नाहीत. मग तो नेमका कोणता रंग हे पुढच्या चाचण्यांनी ठरवलं जातं. घरात कपडा रंगवण्याची आणि प्रयोगशाळेत भेसळ पकडण्याची कृती इतकी सारखी असावी, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

म्हणून पुडी फोडण्याआधी धागा ओळखावा. कपड्याच्या शिवणीतून दोन-तीन धागे काढायचे, चिमट्यात धरायचे आणि पाण्याच्या ताटलीवर काडीने पेटवायचे. सूत कागदासारखं भरभर जळतं, जळक्या कागदाचा वास येतो, मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशीम पेटायला कुरकुर करतात, जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि टोकाला काळा, बोटांनी चुरगळणारा गोळा राहतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो, तो बोटांनी फुटत नाही. टेरिकॉटमध्ये दोन्ही खुणा मिसळून दिसतात. पॉलिएस्टरवर खायचा रंग बसण्याची आशाच नको. नायलॉनही वितळतो, पण रेणूंच्या रचनेत तो प्रथिनांच्या जवळचा असल्याने हा रंग बऱ्यापैकी घेतो.

लोकर असेल तर कृती सोपी आहे आणि मुलांना जवळ बसवून दाखवण्यासारखी आहे. शंभर ग्रॅम पांढरी लोकर कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्यावी. कोरडी लोकर रंगात टाकली की डाग पडतात. स्टीलच्या पातेल्यात लोकर सैल तरंगेल इतकं पाणी घ्यावं, लिटरमागे पाव वाटी पांढरं व्हिनेगर घालावं. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्वाचा लहान चमचा चालतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी क्षाराचं असेल, मराठवाड्यात ते बहुतेक ठिकाणी असतंच, तर आंबट थोडं वाढवावं लागतं, कारण पाण्यातले क्षारच त्यातला काही भाग खाऊन टाकतात. पाव ते अर्धा चमचा रंग वेगळ्या वाटीत गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच पातेल्यात ओतावा आणि लोकर सोडावी. आच मंद. पाण्यावर वाफ दिसायला हवी, तळाशी बारीक बुडबुडे यायला हवेत, उकळी मात्र नको आणि ढवळाढवळ तर अजिबात नको. उकळत्या पाण्यात घुसळलेली लोकर आटते आणि तिचा नमदा होतो.

अर्ध्या तासाने पातेल्यात डोकावलं तर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मघाशी गडद लाल असलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ झालेलं असतं, पळीत घेतलं तर पलीकडचं दिसतं. रंग सगळा लोकरीत गेलेला असतो. पाणी निवळलं म्हणजे काम झालं, याहून चांगली खूण नाही. मग आच बंद करून लोकर त्याच पाण्यात निवू द्यायची. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकली तर ती पुन्हा आटते.

मिश्र रंगांत एक गंमत होते. हिरव्या पुडीतला पिवळा आणि निळा एकाच वेगाने धाग्यावर चढत नाहीत, त्यामुळे लोकर कुठे पोपटी, कुठे निळसर निघते. एकसारखा हिरवा हवा असणाऱ्याला हा दोष वाटेल, पण विणकामात अशी रंगछटांची लोकर फार शोभते. एरिथ्रोसिन असलेला गुलाबी मात्र फार आंबट पाण्यात साका होऊन तळाला बसतो. तिथे व्हिनेगर कमी आणि शेवटी घालावं. आणि एक गोष्ट आधीच ठाऊक असावी की हे रंग पाण्यात टिकले तरी उन्हात टिकतीलच असं नाही. वाळत घालायचं ते सावलीत.

मराठवाड्यातल्या धनगरांकडच्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतांशी काळी-तपकिरी. घोंगडीला तिचाच रंग पुरतो, वर दुसरा रंग चढवायला वाव नाही. पांढरट लोकर मिळाली तर ती रंग घेते. रेशमाचं तसंच. परभणी जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशीमकोष घेणारे शेतकरी आहेत, कृषी विद्यापीठात रेशीम संशोधनही चालतं. साधं पांढरं रेशीम खायचा रंग फार झळाळून घेतं, लोकरीपेक्षा थोड्या कमी आचेवर. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणला पैठणीचं रेशीमही आम्ल पाण्यातच रंगवलं जातं, त्यासाठीचे पक्के रंग वेगळे असतात इतकंच. घरातली जुनी पैठणी किंवा जरीचं काहीही या प्रयोगात आणू नये. आंबट गरम पाण्यात जर काळवंडते आणि गेलेली झळाळी परत येत नाही.

मग सुती पंच्याचं काय करायचं? उत्तर मसाल्याच्या डब्यातच आहे. हळद हा खायचा रंग आहे, खाद्यरंगांच्या यादीत तिच्यातल्या कर्क्युमिनला १०० हा पहिलाच क्रमांक आहे, आणि वर सांगितलेल्या आठांच्या नेमकं उलट, ती सुतावर रंगबंधकाशिवाय बसते. कर्क्युमिनचा लांब, चपटा रेणू सेल्युलोजच्या साखळीला अंगालगत चिकटतो. वरणाचा डाग सदऱ्यावरून का निघत नाही, हे ज्यांनी कपडे धुतले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. परभणीकरांना तर ही हळद शेजारचीच. वसमत १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेलं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

हळदीने पंचा रंगवायला रसायनाचं ज्ञान लागत नाही. दोन-तीन चमचे हळद लिटरभर पाण्यात उकळावी, गाळून घ्यावी, ओला कपडा त्यात अर्धा तास मंद आचेवर ठेवावा. गाळणं चुकवू नये. कर्क्युमिन पाण्यात फार कमी विरघळतं आणि तरंगणारी पूड कपड्यावर ठिपके सोडते. जो पिवळा रंग येतो तो कुठल्याही पुडीपेक्षा उजळ असतो. त्याच्या दोन खोडी मात्र आहेत. एक, उन्हात तो झपाट्याने उडतो. हळदीचा डाग घालवायचा तर कपडा ओला करून उन्हात टाका, असं घरोघरी सांगतात ते याचमुळे. दुसरी खोड साबणाची. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो जागच्या जागी लालभडक होतो. लग्नात हळद लागल्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. साबण आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी असतात आणि तसल्या पाण्यात कर्क्युमिन लाल होतं. हळदीत चुन्यासारखा क्षार घालून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. लाल झालेल्या कपड्यावर लिंबू पिळलं की पिवळा परत येतो. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री हळद कामाला येते. रोज धुवायच्या कपड्याला ती नको.

टिकाऊ रंगासाठी सुताला आधी तयार करावं लागतं. हे ज्ञान या प्रदेशात जुनं आहे. रंगकाम करणारे रंगारी वेगळे आणि नीळ रंगवणारे निराळी वेगळे, इतकी त्यात वाटणी झालेली होती. छत्रपती संभाजीनगरात रंगारगल्ली आजही आहे. मूळ युक्ती हिरड्याची आणि तुरटीची. हिरड्यातलं टॅनिन कापसाला धरतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला धरतं, आणि रंग त्या ॲल्युमिनियमला. कपड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी हिरड्याची पूड पाण्यात रात्रभर भिजवून त्यात कपडा बुडवायचा, वाळवायचा, मग तितक्याच तुरटीच्या गरम पाण्यातून काढायचा. अशा कपड्यावर डाळिंबाची साल सोनेरी पिवळा देते, कांद्याची टरफलं तांबूस, बाभळीची साल तपकिरी. हिरड्याचा कपडा तुरटीऐवजी हिराकशीच्या पाण्यात बुडवला तर डोळ्यांदेखत राखाडी-काळा होतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ची. तिथलं पूर्वीचं गृहविज्ञान आणि आताचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय वनस्पतीजन्य रंगांनी कापड रंगवण्याच्या पद्धतींवर काम करत आलं आहे. शेतातला आणि बांधावरचा टाकाऊ माल, साली, पानं, फुलं, यातून रंग काढायचा आणि तो कापसावर पक्का करायचा, हा विचार कापूसउत्पादक जिल्ह्यातल्या विद्यापीठाला शोभणारा आहे. जिंतूरकडच्या माळावर फाल्गुनात पळस फुलतो. त्या फुलांचं पाणी रंगपंचमीला खेळायला चालतं आणि तुरटी दिलेल्या सुतावर पिवळा-नारिंगीही चढतो. जिलेबीच्या पुडीने जो केशरी पंच्यावर टिकत नव्हता, त्याच्या जवळ जाणारा हा रंग आहे आणि तो पहिल्या पाण्याला दगा देत नाही. फुलं सावलीत वाळवून डब्यात भरली की पुढे कामी येतात, म्हणजे डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनाची तयारी फाल्गुनातच करता येते.

बाजारात सुती कपड्यांसाठीचे तयार रंग मिळतात, त्यांतले रिॲक्टिव्ह रंग सर्वांत पक्के. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली ते पहिल्यांदा बाजारात आणले. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते कापसाच्या रेणूशी रासायनिक बंध जोडतात. पण त्यांची पूड श्वासात जाणं चांगलं नाही. मोठ्या माणसानेच, नाकाला फडकं बांधून आणि हातमोजे घालून ती हाताळावी. लहान मुलांच्या हाती द्यायला खायचे रंगच बरे. शाळेत लोकरीचे गोंडे, रेशमी फिती, पिसं रंगवायची असतील तर त्यांच्याइतकं निर्धोक दुसरं काही नाही.

उलटा प्रवास मात्र कधीही होऊ देऊ नये. खायचा रंग कपड्याला लागला तर फार तर कपडा फिका पडतो. कपड्याचा रंग पोटात गेला तर तो जिवाशी खेळ आहे. ऱ्होडामाइन बी हा चकाकता गुलाबी रंग कापड-कागदाच्या उद्योगातला, मेटॅनिल यलो हा लोकर आणि कातड्याचा पिवळा. दोन्ही अन्नात बेकायदा आहेत आणि दोन्ही स्वस्त असल्यामुळे अन्नात सापडत राहतात. ऱ्होडामाइन बी आढळल्यावर फेब्रुवारी २०२४मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने कापूसमिठाईच्या, म्हणजे आपल्याकडच्या ‘बुढ्ढी के बाल’च्या विक्रीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने त्या मिठाईत आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. जत्रेत, उरुसात मुलं ज्या गुलाबीकडे धावतात तो रंग कुठल्या डब्यातला आहे हे विचारायला लाजू नये. घरात कपडे रंगवायचे बाजारी रंग आणायचेच असतील तर ते स्वयंपाकघराबाहेर ठेवावेत, मूळ वेष्टणासकट. त्यांच्यासाठी जुनं पातेलं आणि जुना चमचा कायमचे वेगळे काढावेत आणि ते पुन्हा चुलीपाशी आणू नयेत. तुरटी आणि हिराकशीच्या पातेल्यालाही हाच नियम.